शब्दाखालचे ठिपके

बाबांनी पेन्सिलीचं टोक थेट लॅपटॉपच्या पडद्यावर टेकवलं आणि विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"बाबा, काचेवर पेन्सिल नको ना. ओरखडे पडतात."

"ओरखड्यांचं सोड. काय लिहिलंय ते वाच."

थोरलीनं मान पुढे काढली. निळ्या बटणावर लिहिलं होतं, 'वाचवा'.

"सेव्हचं भाषांतर केलंय त्यांनी. आपण लिहिलेलं जतन करायचं असलं की हे दाबायचं."

"असं होय. मला वाटलं, आत कुणीतरी बुडतंय."

हे म्हणताना बाबा हसले नाहीत. विनोद करणाऱ्यानं स्वतः हसायचं नसतं हा त्यांचा नियम होता, आणि बाबांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शेजारच्या कोऱ्या कागदावर त्यांनी 'वाचवा' असं नेटकं लिहिलं, त्यावर आडवी रेघ मारली, समासात 'जतन करा' लिहिलं आणि कोपराशी ठेवलेल्या बाटलीतलं घोटभर पाणी प्यायले. भरलेली बाटली कोपराशी घेतल्याशिवाय ते कधी वाचायला बसत नसत. एकदा बसलं की पाण्यासाठी उठायला लागू नये आणि कुणाला उठवायलाही लागू नये, असा त्यांचा हिशेब.

जन्मभर त्यांनी छापखान्यात प्रुफं वाचली होती. निवृत्त झाले, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत. औषधाच्या खोक्यावरचा कागद, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी, विजेचं बिल, सगळं त्यांच्या लेखी प्रूफच. एखाद्या पुस्तकाचं नाव काढलं तर त्यातली गोष्ट त्यांना आठवायची नाही, पण कुठल्या पानावर कुठला शब्द कसा चुकला होता ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. "बरोबर असलेलं विसरायला होतं गं," म्हणायचे, "चुका मात्र पाठ राहतात."

आज सुट्टी होती, म्हणून थोरली सकाळीच लॅपटॉप घेऊन माहेरी आली होती. ती एका कार्यालयाची वेबसाइट सांभाळायची, तेव्हा या कामातलं तिला थोडंफार कळत होतं. आणि काम अडलेलं होतं. 'उशाशी' बंद पडायची वेळ आली होती.

'उशाशी' आईचं. आई परिचारिका होती. घरी आजारी माणूस असलं की त्याची कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, गिळता येत नाही त्याला काय भरवायचं, आणि हे सगळं करता करता करणाऱ्यानं स्वतः कधी जेवायचं, हे ती साध्या भाषेत लिहायची. आधी चार पानी मासिक होतं. मग धाकट्यानं त्याची वेबसाइट केली. तयार काही न घेता त्यानं सगळी स्वतःच्या हातानं बांधली. आई गेल्यावरही लोक ती वाचत होते, खाली प्रश्न विचारत होते, आणि आईच्या दवाखान्यातल्या दोन मैत्रिणी जमेल तशी उत्तरं देत होत्या. परवाच एकानं लिहिलं होतं, 'वडिलांना पहिल्यांदा एकट्यानं अंघोळ घातली. तुमचं वाचून जमलं.' बाबांनी त्यातला अनुस्वार दुरुस्त केला होता आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते.

आता वेबसाइटला जागा भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं कळवलं होतं की तुमचं बांधकाम फार जुनं झालंय, या महिन्याअखेरीनंतर आमच्या यंत्रांवर ते चालणार नाही. धाकट्यानं बांधलेलं धाकट्यानंच दुरुस्त करावं, तर तो या घरात येत नव्हता. म्हणून थोरलीनं ठरवलं होतं की एखादी तयार, खुली प्रणाली घ्यायची आणि सगळे लेख तिच्यात हलवायचे. तीन निवडून आणल्या होत्या. एकदा निवडली की बदलणं सोपं नसतं, म्हणून बाबांनी आधी बसून बघायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बाबांनी ठरवलं होतं.

"खुली म्हणजे काय? कुलूप नसतं?"

"कुलूप असतं. पण घर कसं बांधलंय ते कुणालाही बघता येतं. एखादी भिंत आवडली नाही तर आपण पाडून दुसरी बांधायची, आणि चांगली झाली तर बाकीच्यांनाही देऊन टाकायची. जगभरचे लोक मिळून बांधतात. पैसे नाहीत."

"आणि हे बांधणारे खातात काय?"

हाच प्रश्न याच खोलीत पूर्वीही विचारला गेला होता, याच सुरात, फक्त तेव्हा समोर धाकटा होता. नोकरीहून आल्यावर तो असल्याच कुठल्या कुठल्या प्रणालींसाठी फुकट राबायचा. बाबा म्हणायचे, लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. त्यावर धाकटा हसायचा. तेव्हा तो हसायचा.

"ही पहिली सगळ्यात जास्त लोक वापरतात," ती म्हणाली. "अडलं तर विचारायला माणसं मिळतील. पण जड आहे जराशी, आणि मराठीत शोधताना जोडाक्षरांवर अडखळते."

"आणि बुडणाऱ्यांना वाचवते. पुढची दाखव."

दुसरी झटपट उघडली. दिसायला नेटकी होती. बाबांनी एकेक बटण वाचलं, दोन ठिकाणी मान डोलावली, आणि थोरलीला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. तेवढ्यात बाबांनी चाचणीसाठी लिहिलेली एक ओळ काढून टाकायचा प्रयत्न केला आणि पडद्यावर प्रश्न उमटला, 'आपण खात्री आहात का?'

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मी खात्री नाही म्हणावं याला. मी निवृत्त मुद्रितशोधक आहे."

"बाबा, तेवढं आपण दुरुस्त करू शकतो. म्हणून तर खुली."

"आधी पाटी चुकीची लावायची आणि मग लोकांनी पुसायची. नको. आईच्या लेखांवर असली पाटी नको."

ते 'आईच्या लेखांवर' असं म्हणाले, 'वेबसाइटवर' असं नाही. थोरलीनं ते ऐकलं आणि दुसरी प्रणाली बंद केली.

"चहा टाकतो," म्हणून बाबा उठले. आई गेल्यापासून चहा तेच करायचे. वेलांटीसारखाच मोजूनमापून करायचे, पण बरा करायचे.

आई लिहायची भरभर आणि शुद्धलेखनाच्या नावानं आनंदीआनंद. एका शब्दावरून तर दोघांचं कायमचं वाजायचं. आई 'पाणी' हा शब्द नेहमी ऱ्हस्व लिहायची. पाणि. प्रत्येक लेखात, प्रत्येक वेळी. बाबा लाल पेन्सिलीनं दीर्घ करायचे आणि म्हणायचे, "अगं, पाणि म्हणजे हात. संस्कृतात हात." आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "मग धरा की. नुसतं सांगताय काय?" दोघं मुलं हसायची. बाबा हसायचे नाहीत, पण कान लाल व्हायचे त्यांचे.

थोरलीनं तिसरी प्रणाली उघडायला घेतली. ही तिनं शेवटी ठेवली होती, कारण फारशी कुणी वापरत नव्हतं. लहानशी होती, हलकी होती, मराठीत नीट शोधायची, आणि प्रत्येक लेखाच्या आधीच्या आवृत्त्या जपून ठेवायची. एवढं तिनं कुठेतरी वाचलं होतं. मराठीतून उघडून मात्र पाहिली नव्हती. भाषा निवडून तिनं बटण दाबलं आणि डावीकडे यादी आली. लेख. चित्रं. वाचकांचे प्रश्न. सगळ्यात खाली जिथे बाकीच्यांत कचरापेटी असते, तिथे लिहिलं होतं, 'माळा'.

ती बघतच राहिली.

बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, भाषांतर करणाऱ्याला शब्द सुचला नसेल. पण या घरात माळा म्हणजे नुसता माळा नव्हता. आई काही टाकून देऊ द्यायची नाही. फुटकी खुर्ची, तुटलेली छत्री, शाळेतली चित्रं, सगळ्याला एकच उत्तर होतं, 'टाकू नका, माळ्यावर ठेवा. लागलं तर काढता येतं.' वस्तूंचंच नाही, भांडणांचंही तेच. दोघं मुलं हमरीतुमरीवर आली की आई म्हणायची, 'आता हे माळ्यावर ठेवा. जेवून घ्या.' धाकटा वेबसाइट बांधत होता तेव्हा तर ती त्याच्या मागे लागली होती, 'अरे, याला एक माळा ठेव. चुकून काही गेलं तर?' तो म्हणाला होता, 'आई, संगणकाला कसला माळा? काढलं म्हणजे काढलं.' आणि त्यानं ठेवला नव्हता.

थोरलीनं घाईघाईनं मदतीचं पान उघडलं. तळाशी भाषांतर करणाऱ्यांची नावं असतात. मराठीपुढे एकच नाव होतं. उंदीर.

माळ्यावर पुस्तक घेऊन तासन् तास बसणाऱ्या धाकट्याला आईनं ठेवलेलं नाव. बाकी जगात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

तिला हसू आलं. स्वयंपाकघरात कप वाजले. तिचा हात भाषा बदलायच्या बटणाशी गेला. इंग्रजीतून दाखवावी का? सांगावं की हिचं मराठी अजून झालेलं नाही म्हणून? कारण बाबांना कळलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर मग काहीच उरत नव्हतं. पहिली नको, दुसरी नको, तिसरी या कारणासाठी नको. महिनाअखेरीला 'उशाशी' जाईल, आणि बाबा नि धाकटा यांच्यामध्ये उरलेला एकमेव धागाही तिच्याबरोबर जाईल. धाकटा फोन करायचा तिला. इकडचं तिकडचं बोलायचा. बाबांचा चष्मा बदलला का, एवढंच विचारायचा. पण कधीतरी बोलता बोलता म्हणून जायचा, परवाच्या त्या प्रश्नाला चांगलं उत्तर दिलं गं कुणीतरी. म्हणजे वाचत होता तो. रोज वाचत होता.

भांडण झालं होतं ते असं. आईनं शेवटचा लेख आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या लिहिला होता, एका हातानं, थेट वेबसाइटवरच. पुरा झाला नव्हता. ती गेल्यावर चार-सहा दिवसांनी धाकट्याला तो सापडला आणि त्यानं होता तसाच सगळ्यांसाठी लावला. बाबांनी वाचला आणि कुणाला न विचारता काढून टाकला. म्हणाले, अर्धवट होता, चुका होत्या, तिचं नाव होतं त्यावर, लोक हसले असते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि माळा नव्हता. धाकटा त्या दिवशी एकच वाक्य बोलला. "बाबा, तुम्ही आईला खोडलंत." पिशवी भरली आणि गेला. बाबांनी थांबवलं नाही. थोरलीला पुढे कळलं की तो बाबांवर जितका चिडला होता त्याहून जास्त स्वतःवर चिडला होता. पण ते बाबांना कोण सांगणार? दोघांचंही म्हणणं एकच, तो आधी बोलू दे.

"साखर कमी घातलीये," बाबा दोन कप घेऊन आले. "ही तिसरी?"

भाषा बदलायची राहून गेली.

बाबा बसले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी वरपासून वाचायला घेतलं, आणि थोरली पडद्याकडे न बघता त्यांच्या पेन्सिलीकडे बघत राहिली. पेन्सिल कागदावर तयारीत होती. लेख. चित्रं. वाचकांचे प्रश्न. पेन्सिल हलली नाही. मग ती हळूच कागदावर आडवी झाली.

बाबांनी नवा लेख उघडला. वरच्या कोपऱ्यात, जिथे बाकीच्या दोघींनी 'प्रकाशित करा' असं काहीतरी लिहिलं होतं, तिथे एकच शब्द होता, 'छापावे'.

हा शब्द बाबांचा होता. शेवटच्या प्रुफावर तो लिहून खाली सही करायची, मगच पान यंत्रावर चढायचं. लहानपणी धाकटा स्वतःच्या शाळेच्या वहीवर 'छापावे' लिहून बाबांची सही ठोकायचा आणि मार खायचा.

"बाबा..." थोरली म्हणाली.

"थांब जरा."

त्यांनी चाचणीला 'अ' लिहिलं. ते माळ्यावर ठेवलं. मग माळा उघडला. तिथे 'अ' एकटाच बसला होता, आणि त्याच्यासमोर दोन पर्याय होते, खाली काढा आणि कायमचं टाका. बाबांनी दुसरा दाबला. पडद्यावर एक चौकट आली.

'कायमचं टाकायचं? एकदा गेलं की मागून मिळत नाही.'

खाली दोन बटणं. एकावर 'टाका'. दुसऱ्यावर, जिथे सगळं जग 'रद्द करा' लिहितं तिथे, 'असू दे'.

छापखान्यात एखादा शब्द खोडला आणि मग वाटलं की खोडायला नको होता, तर बाबा त्याच्याखाली बारीक ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचे, असू दे. म्हणजे टाइप जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं समजायचं, हे खोडलेलं नाही, हे राहू द्यायचं आहे. दोन्ही मुलं अक्षरओळख झाल्यापासून ती खूण बघत आली होती.

बाबांचा हात तसाच राहिला. चहावर साय धरली. मग बाबांनी 'असू दे' दाबलं, खुर्ची मागे सारली आणि उठून आतल्या खोलीत गेले.

संपलं, थोरलीला वाटलं. आपणच आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. ती फोनकडे बघत बसली. धाकट्याला फोन करावा आणि झाडावा, असं तिला वाटलं. अरे, एवढे शब्द जगाला फुकट वाटलेस, त्यातले दोन घरी येऊन बोलायला काय झालं होतं तुला? आणि यांना तरी काय झालं होतं?

आतून कपाटाचा आवाज आला. बाबा परत आले तेव्हा त्यांच्या नाकावर जवळचा चष्मा होता, बारीक टायपाचा.

"सरक," ते म्हणाले.

"काय करताय?"

"लिहायचंय. तू जेवायचं बघ."

थोरलीला वाटलं, आता प्रणालीवाल्यांना पत्र लिहिणार. ती स्वयंपाकघरात गेली. भाजी चिरली, कुकर लावला, आणि सगळा वेळ कान बाहेर ठेवले. दोन बोटांनी टंकल्याचा आवाज येत होता. थांबत होता, परत येत होता. मधे एकदा बराच वेळ आला नाही, तेव्हा ती दारापर्यंत जाऊन आली. बाबा डोळे मिटून बसले होते आणि ओठ हलत होते. ती मागे फिरली.

"ये," थोड्या वेळानं हाक आली. "वाचून बघ. सवयीनं काही दुरुस्त करू नकोस."

ती हात पुसत आली आणि उभ्या उभ्याच वाचायला लागली.

'आजवर उशाशी बसून लिहिलं, आज उशीवर डोकं ठेवून लिहिते आहे, तेव्हा चुका झाल्या तर घरातले सुधारतील. मी इतकी वर्षं सांगत आले की आजारी माणसाला पाणि चमच्यानं द्या, थेंब थेंब द्या, ठसका लागू देऊ नका. ते खरंच आहे. पण एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, उभ्या माणसाला ती कळत नाही. रात्रीतून चारदा पाणि मागणाऱ्याला चारदा तहान लागलेली नसते. कुणी उठून यावं एवढंच असतं. तेव्हा पाणि मागितलं की चिडू नका. आत्ताच तर दिलं असं म्हणू नका. जवळ ठेवलंय घे असंही म्हणू नका. पाणि द्या. आणि देऊन झाल्यावर लगेच जाऊ नका, कारण शेवटी माणूस'

पुढे काही नव्हतं. पूर्णविरामही नव्हता.

थोरली खाली बसली. तिच्या डोळ्यांतलं गालावर आलं ते तिनं मनगटानं पुसलं.

"तुम्हाला पाठ होता?"

"चुका पाठ राहतात," बाबा म्हणाले. "चुकांच्या मधलंही राहिलं."

"मग बाबा, इतकी वर्षं..."

कोपराशी ठेवलेल्या बाटलीचं झाकण त्यांनी एकदा सैल केलं, परत घट्ट केलं.

"मी बाटली भरून ठेवायचो," ते म्हणाले. "तिच्या उशाशी. रोज झोपताना, काठोकाठ. तिला मागायला लागू नये म्हणून."

कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही. तो लेख चुकांसाठी काढला नव्हता, हे थोरलीला आत्ता कळलं, आणि हेही कळलं की ते यापुढे कधी यावर बोलणार नाहीत आणि तिनंही विचारायचं नाही.

तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. घरातलीच ती. नजर आपसूक वेलांटीवर गेली, आणि हातही जाऊ लागला.

"असू दे," बाबा म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "यात शब्दाखाली ठिपके देता येतात का?"

"येतात."

"दे मग. त्या शब्दाला. जिथे जिथे आहे तिथे."

तिनं एकेक 'पाणि' निवडलं आणि त्याच्याखाली ठिपक्यांची बारीक ओळ दिली. बाबा चष्मा सरळ धरून प्रत्येक ठिकाणी बघत होते.

"वाचणाऱ्याला काही कळणार नाही बाबा. त्यांना वाटेल, सजावट आहे."

"ज्याला कळायचं त्याला कळेल." त्यांनी घसा साफ केला. "बघतो ना तो?"

"रोज."

"मग ही तिसरीच घे. मराठी बरं आहे तिचं." आणि लगेच, बाबाच ते, "तू आत होतीस तेव्हा वाचलं, मदतीच्या पानावर एका ठिकाणी 'सुचना' लिहिलंय. सू दीर्घ. कळव त्याला. म्हणावं, पाटी बरी लिहिली आहे, तेवढं बघ."

"मी नाही कळवणार. तुम्ही कळवा. नंबर देते."

बाबा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी माउसवर हात ठेवला, बाण हळूहळू वरच्या कोपऱ्यात नेला, आणि 'छापावे' दाबलं. दाबल्यावर उजवा हात सवयीनं सहीसाठी पेन शोधत टेबलावर थोडा फिरला आणि मग मांडीवर येऊन पडला. लेख लागला. वर आईचं नाव होतं, खाली ठिपके होते, आणि शेवटचं वाक्य तुटलेलं होतं तिथेच तुटलेलं होतं.

थोरली कुकर बघायला म्हणून उठली आणि दारापर्यंत पोहोचली.

"अगं," मागून बाबा म्हणाले, "जरा पाणी दे गं."

तिनं वळून पाहिलं. बाटली त्यांच्या कोपराशी होती. भरलेली होती. बाबा तिच्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते.

ती आत गेली, गॅस बंद केला, पेला विसळून पाणी भरलं आणि घेऊन आली. बाबांनी पेला घेतला. तिनं शेजारची खुर्ची ओढली आणि बसली.